दाराचे पैसे

१

विजयमालाने व्रतं पुष्कळ केली. सोळा सोमवार झाले, मार्गशीर्षातले गुरुवार झाले, संकष्ट्यांचा तर हिशोबच नाही. त्यातलं काही तिला कधी जड गेलं नाही. एक नवस मात्र तिने केला, आणि पुढे त्याचं नाव काढणंच सोडून दिलं. ही गोष्ट त्या नवसाची.

राहुरीच्या भाड्याच्या घरात आल्यावर दुसऱ्या वर्षी तिला दिवस गेले. लग्नाला बरीच वर्षं लोटली होती, त्यामुळे आनंद झाला तोही घाबरत घाबरत. दर नवरात्रात ती पाथर्डीजवळ मोहट्याच्या देवीच्या गडावर जायची. त्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी एस.टी.चे धक्के बंद केले होते. मग पाचव्या माळेला ती घराच्या दारातच उभी राहिली. उंबऱ्यावर हळद-कुंकू वाहिलं, लाल फडक्यात नारळ बांधून चौकटीवरच्या खिळ्याला अडकवला, आणि गडाच्या दिशेला तोंड करून हात जोडले.

"आई, बाळाला कडेवर घेऊन तुझ्या पायऱ्या चढेन. त्याचं पहिलं जाणं तुझ्याकडेच. तोवर माझ्याशिवाय ते हा उंबरा ओलांडणार नाही."

तेवढ्यात पोटात हललं. पहिल्यांदाच. तिला वाटलं, देवीने होकार दिला. तेव्हा आणखीही कोणी ऐकत होतं, हे तिच्या ध्यानात यायला फार उशीर लागला.

सातव्या महिन्यात सगळं आटोपलं. दवाखान्याची गाडी यायच्या आत, घरातच. तिचा नवरा कल्याण आणि त्याचे मामा बाळाला पांढऱ्या फडक्यात गुंडाळून घेऊन गेले. कुठे, ते तिने विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. ती आत अंथरुणावर होती. तिच्याशिवायच नेलं.

नारळ चौकटीवर राहिला.

२

कल्याणला शिर्डीच्या एका लॉजवर काउंटरची नोकरी लागली आणि राहुरीचं घर सोडायचं ठरलं. सामान टेम्पोत चढलं. देवांची पेटी विजयमालाने स्वतःच्या मांडीवर घ्यायची म्हणून पुढे सीटवर ठेवली. शेवटचं म्हणून ती वर गेली, ओटा पुसला, खिडक्या लावल्या आणि दाराला कुलूप घातलं.

कुलपाची तिला कधी सवय झाली नाही. माहेर शनी शिंगणापूरचं. तिकडे घराला चौकट असते, दार नसतं. फार तर पडदा. लहानपणी कोणी घरात कोंडलं गेलंय असं तिने कधी पाहिलंच नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा रात्री कडी लावल्याचा आवाज झाला की तिच्या छातीत धस्स व्हायचं.

कुलूप ओढून बघितलं आणि सवयीने बोलून गेली, "येते हं."

घरातून बाहेर पडताना जाते म्हणायचं नसतं. ती रोज देवांना सांगून निघायची, भाजीला गेली तरी. पण आज देव खाली टेम्पोत होते.

जिन्यात उभा राहिलेला कल्याण हसला. "कोणाला सांगतेस गं? सूर्यभान अण्णांना? ते डिपॉझिट द्यायच्या भीतीने आज आलेच नाहीत."

तीही हसली. दोघांना त्या डिपॉझिटची गरज होती आणि कशाला होती ते बोलायची गरज नव्हती. नगरच्या डॉक्टरांनी आणखी एकदा प्रयत्न करून बघू म्हटलं होतं. शेवटचा. त्या पैशाला दुसरी वाट फोडायची नाही, असं दोघांनी ठरवलं होतं.

खाली उतरताना तिला वाटलं, आपण काहीतरी विसरलोय. तिने पिशवी चाचपली. सगळं होतं.

३

सूर्यभान अण्णा, म्हणजे घरमालक. दूध संघातून निवृत्त झालेले, देवळाली प्रवऱ्याला ऊस आणि राहुरीत ही दुमजली इमारत. माणूस वाईट नव्हता, पण पैसा हातातून सुटताना त्यांना ठेच लागायची. रंग झाला की देतो, म्हणाले होते. रंग झाला, तरी पैसे येईनात. शेवटी विजयमालानेच फोन लावला.

"देतो की, पोरी. पर कापून घिऊन देतो," अण्णा म्हणाले. "टाकीची सफाई सोडली तुमाला. जाळी फाटली ती सोडली. दाराचं मातर सोडनार न्हाई."

"दाराला काय झालं, अण्णा?"

"आतनं बघ की येऊन! खालनं निस्तं ओरबाडून ठिवलंय. कुत्रं पाळलंतं ना तुमी?"

"कुत्रं? अहो अण्णा, माझ्या घरात मांजर आडवं गेलं तरी मी..."

"मंग उंदरं शिकवली व्हती का दार वाजवायला? दोनदा रंग मारला. वर बेस वाळतोय, खाली धरतच न्हाई. सुतार म्हनला, कुत्र्यानं मुतल्यावर असंच हुतं. आख्खं दार बदलावं लागंल. बँकेचा सायब येनारंय राह्यला, त्याला काय दावू?"

दार नवं, सुतार, रंग. अण्णांनी सांगितलेला आकडा ऐकून ती मटकन खालीच बसली. निम्मं डिपॉझिट गेलं.

संध्याकाळी कल्याण चिडला. "कोर्टात खेचतो म्हणावं. करारात कुत्र्याचा शब्द नाही. तू गुरुवारी जा आणि दाराचे फोटो काढून आण. शांतपणे बोल, तुझ्यावर त्यांचा जीव आहे. मी गेलो तर भांडण होईल."

मग जेवताना मध्येच त्याने विचारलं, "कुठल्या दाराला?"

"बाहेरच्या. आतून."

त्याने पुढचा घास घेतला नाही. आमटी तिखट झालीय म्हणाला. तिखट नव्हती.

४

गुरुवारी सकाळच्या गाडीने ती राहुरीला उतरली. कारखान्याचा हंगाम चालू होता. रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, हवेला मळीचा वास, आणि कपड्यांवर बारीक काजळी. चार वर्षं हीच काजळी तिने खिडक्यांवरून पुसली होती.

अण्णांची बायको दगडाबाई खालच्या ओसरीवर बाजरी निवडत बसली होती. तिला पाहून सूप बाजूला ठेवलं.

"आली का गं बाई! वाळली किती. शिर्डीचं पानी मानवंना व्हय?"

"बरी आहे, मावशी. अण्णा कुठेत?"

"येत्याल. फटफटी पुसाया घेतली की बायकूला ईसरत्याती." तिने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "एक सांगू? तुमचं कुत्रं-बित्रं न्हवतं, मला ठावं हाय. मी यांना म्हनलं बी. पर दुपारच्याला दार वाजतंय वरचं."

"वाऱ्याने वाजत असेल."

"मलाबी तसंच वाटलं. तुमी नारळ बांधला व्हता न्हवं चौकटीला? त्यो वाळून आत गोटा सुटलाय, वारं आलं की ठकठक करतोय. म्हनून काल ह्यांनी त्यो काढून खाली आनला." तिने कोनाड्याकडे बोट केलं. लाल फडकं विटून गुलाबी झालं होतं. "न्यायचा राह्यला तुमचा."

विसरलं ते हे होतं तर. तिने नारळ उचलून कानाशी हलवला. आत गोटा वाजला, कोरडा.

"मग आता थांबलं ना वाजायचं?" तिने विचारलं.

दगडाबाईने सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "आज अजून दुपार व्हायचीय," ती म्हणाली.

५

अण्णा तिला घेऊन वर आले, दार उघडून आत शिरले आणि रिकाम्या खोलीत मोठमोठ्याने बोलू लागले. रिकाम्या घरात माणूस उगाच मोठ्याने बोलतो. "ह्ये बघ भिंती. ह्ये बघ ओटा. समदं चकाचक. आन ह्ये..." तेवढ्यात खालून रंगवाल्याने हाक मारली. "आलोच. तू बघ नीट. आतली बाजू बघायची तर लावावं लागतंय दार."

ते उतरले. जिन्यावरची पावलं गेली, आणि ती एकटी राहिली.

तिला खरं तर दार लावायचं नव्हतं. पण फोटो काढायचा होता. ओला रंग लागू नये म्हणून तिने निऱ्या आवरून कमरेला खोचल्या, पदर पुढे घेऊन खांद्याशी घट्ट धरला, आणि एका बोटाने कडी धरून दार ओढलं.

खोली एकदम लहान झाली. बाहेरचे ट्रॅक्टर दूर गेले.

दाराला गडद चॉकलेटी ऑइलपेंट होता. वरून आरशासारखा वाळलेला. खालचा भाग मात्र ओलाच चकाकत होता, आणि त्यावर ओरखडे होते. ती उकिडवी बसली. लांबून ते ओरखडे दिसत होते. जवळून तसे नव्हते. नखाने लाकूड सोललं जातं, इथे काही सोललं नव्हतं. रंग नुसता दाबला गेला होता आणि खाली घसरला होता. चार रेघा शेजारी शेजारी, पाचवी जरा बाजूला.

मागच्या भाडेकरूचं पोर असेल, तिने स्वतःला समजावलं. पण मागचे भाडेकरू दोघे म्हातारे होते. रंगवाल्याचं असेल. रंगवाला एकटा यायचा. मग ती बघतच राहिली, कारण एक गोष्ट तिच्या आता लक्षात आली होती. खुणा एकाच उंचीवर नव्हत्या. अगदी उंबऱ्यालगत काही होत्या, जुन्या, रंगाच्या दोन थरांखालून पुसट वर आलेल्या. रांगतं मूल दाराशी येऊन बसलं तर जिथे हात टेकेल तिथे. त्यांच्या वर थोड्या. त्यांच्याही वर आणखी. सगळ्यात वरच्या, सगळ्यात ताज्या, उभ्या माणसाच्या गुडघ्याच्या वर येतील एवढ्या.

उंबऱ्याजवळचे डाग तिच्या ओळखीचे होते. दर शुक्रवारी ती ओल्या फडक्याने दार पुसायची. खाली चिकट काहीतरी लागलेलं असायचं. फोडणीचं तेल उडालं असेल, कारखान्याची काजळी बसली असेल, असं म्हणून तिने कितीदा पुसलं होतं! पुसलं होतं आणि बाजाराची पिशवी घेऊन "येते हं" म्हणून निघून गेली होती. आणि प्रत्येक वेळी आली होती. फक्त या खेपेला आली नव्हती.

ठक.

नारळ तिच्या पिशवीत होता. पिशवी तिच्या पायाशी, स्थिर.

ठक, ठक. दाराच्या आतल्या बाजूने, खाली. ती जिथे बसली होती त्याच बाजूने.

घाबरावं असं तिला वाटत होतं. पळायला दार समोरच होतं. पण तोंडातून जे आलं ते घरी परतल्यावर रोज यायचं तेच.

"आले हं," ती म्हणाली. "आले."

वाजणं थांबलं. खोलीत कोणीतरी श्वास रोखून धरला असावा, असं शांत झालं.

६

सूर्यभान अण्णा जिन्याच्या वळणावर होते तेव्हा दार उघडलं. त्यांनी पुढे कधी कोणाला जे सांगितलं ते एवढंच, की पोरगी उंबऱ्याच्या आत वाकली होती. काहीतरी उचलल्यासारखी ताठ झाली. डावा हात कमरेशी वळवलेला, उजव्या हातात पिशवी. उजवं पाऊल जपून उंबऱ्याबाहेर टाकलं.

"काढलं का फोटू?" अण्णांनी विचारलं.

"नाही काढला."

"मंग? कबूल न्हाई म्हनत व्हती ना तू?"

"कबूल आहे, अण्णा. दाराचे पैसे कापून घ्या." तिचा आवाज शांत होता, पाण्यावर दिवा सोडताना असतो तसा. "आमच्याच घरातल्याने केलंय."

अण्णांना भांडणाची तयारी होती, याची नव्हती. ते डोकं खाजवत राहिले. "अगं पर... कुत्रं न्हवतं म्हनतीस आन..."

"कुत्रं नव्हतंच."

ओसरीवर दगडाबाई उठून उभी राहिली होती. तिने विजयमालाच्या वळलेल्या डाव्या हाताकडे पाहिलं आणि तिच्या तोंडाकडे पाहिलं. घरात गेली, कुंकवाचा करंडा घेऊन आली, विजयमालाला कुंकू लावलं. मग जरा थबकली, आणि बोटाला राहिलेलं कुंकू तिने विजयमालाच्या डाव्या खांद्याजवळ, हवेतच, टेकवल्यासारखं केलं.

"सांभाळून जा गं," म्हणाली. आणि नवऱ्याकडे वळून, "पुन्यांदा वाजलं तर मला ईचारा. न्हाई वाजायचं आता."

७

शिर्डीच्या गाडीत ती बसलीच नाही. नगरची गाडी धरली, तिथून पाथर्डीची. खिडकीशी बसली. शेजारची जागा रिकामी असून पिशवी तिने पायाशीच ठेवली.

नगर सोडल्यावर कल्याणचा फोन आला.

"काय म्हणाले अण्णा?"

"मी दाराचे कबूल करून आले."

"कबूल? अगं विजू, आपल्याकडे कुत्रं होतं का कधी? नगरच्या डॉक्टरांचं काय मग? डोकं ठिकाणावर..." तो बोलता बोलता थांबला. लॉजच्या काउंटरवर कोणीतरी खोली मागत होतं, त्याने उत्तर दिलं नाही. मग त्याने अगदी हळू विचारलं, "कुठवर होत्या खुणा?"

"गुडघ्याच्या वर."

त्याने फोन ठेवला नाही. तेव्हा तिला कळलं, इतकी वर्षं तीच एकटी मनातल्या मनात ते मूल वाढवत नव्हती.

"गडावर चाललेय," ती म्हणाली. "नवस फेडायला."

"दमलीस तर बस," तो म्हणाला. "हात बदलून घेत जा."

गडावर पोहोचली तेव्हा आरतीची वेळ झाली होती. पायऱ्या चढताना तिचा डावा खांदा दुखू लागला. सवय नसलेल्या बाईच्या कडेवर वाढतं मूल असलं की दुखतो तसा, कुशीपासून मनगटापर्यंत. ती थांबली नाही. मनात एकच धाकधूक होती. पुढे जाऊन हे ओझं हलकं झालं तर? आपण एवढंही स्वतःला फसवलं असेल तर? दार ओलंच होतं, दार वाऱ्याने वाजलं, नवरा हळवा आहे, आणि मी रिकामा हात वळवून गड चढतेय.

रांगेत तिच्या मागे एक बाई होती, दूरच्या गावची, डोक्यावरून पदर घेतलेली.

"वैनी," ती म्हणाली, "पदराला रंग लागलाय तुमच्या."

विजयमाला वळली नाही. पदर तिने दारापाशी पुढे घेऊन धरला होता. दाराला तिची पाठ एकदाही लागली नव्हती.

"कुठे?"

"पाठीमागं, डाव्या खांद्यावर. चॉकलेटी. वलाच हाय अजून."

"केवढा लागलाय?"

बाई हसली. "केवढा म्हंजी? बोटं उमटल्याती की समदी. पोराचं हात भरलं व्हतं वाटतं. कुठाय पोर?"

रांग पुढे सरकली. विजयमालाने देवीच्या पायाशी नारळ ठेवला, मग डावा हात सैल करून वाकली, आणि तेवढा वेळ तिने डोळे मिटून घेतले. देवीच्या पायावर घातलेलं मूल आई पुन्हा उचलून घेते. तिने हात पुढे केला. किती वेळ तसाच धरला ते तिला आठवत नाही. गड उतरताना खांदा दुखत होता, एवढं मात्र ती सांगते. आणि ती सांगताना हसते.

ते लुगडं तिने धुतलं नाही. शिर्डीच्या घराचं दार दिवसा उघडंच असतं, नुसता पडदा. कल्याण कामावर निघताना आता पडद्यापाशी थांबतो, खाली बघून "येतो हं" म्हणतो, आणि वेळेवर येतो. तिथले मालक म्हणतात, जाताना डिपॉझिट पूर्ण मिळेल, दाराला तर तुम्ही हातच लावत नाही. तिने अजून त्यांना पडद्याची खालची कड दाखवलेली नाही.

तर बायांनो, एवढं माझं ऐका. घर सोडाल तेव्हा भिंतींचे फोटो काढा, चाव्या मोजून द्या, पैशासाठी भांडा. ते करायचंच. पण कुलूप घालायच्या आधी दार सताड उघडं ठेवून उंबऱ्यात जरा थांबा. तुमच्या घरात कोणी राहिलेलं नाही, हे तुम्हाला पक्कं ठाऊक असलं तरी थांबा. रिकाम्या खोल्यांकडे तोंड करा आणि विजयमालाला मागाहून करावं लागलं ते तुम्ही वेळेवर करा. येते म्हणू नका. चल म्हणा, आणि एक हात मोकळा ठेवा.